नऊ नंबरला मारलेली टिचकी

सदर व्यक्ती स्त्री असून वय वर्षे अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा मध्यम, चष्मा आहे. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख इतर नखांच्या मानाने जाड व पिवळसर. सदर व्यक्तीने वॉश-बेसिन व कमोड बनविणाऱ्या कारखान्यात 'तपासनीस, श्रेणी दोन' या पदावर एकतीस वर्षे सेवा केली. ताकीद: शून्य. बढती: शून्य. वर्तणूक: उत्तम. सेवाकाळात सदर व्यक्तीच्या हातून एकही सदोष वस्तू पुढे गेलेली नाही. स्वभाव:

स्वभावाचा रकाना कोरा आहे. निवृत्तीच्या दिवशी द्यायचं प्रमाणपत्र कारखान्याने पूर्वी कधी केलं नव्हतं, म्हणून ओळखपत्राचा जुना नमुना काढून त्यातच सेवा कोंबली, आणि स्वभावापाशी आल्यावर साहेबांचं पेन अडलं. 'भित्रा' लिहावं तर समारंभाचा विचका, न लिहावं तर खोटेपणा. साहेबांनी सही केली आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. त्याला चार वर्षं झाली. प्रमाणपत्र फ्रेम होऊन घराच्या बोळात, विजेच्या मीटरशेजारी लागलं. मीटर वाचायला येणारा माणूस दर महिन्याला ते वाचतो.

कारखान्यात त्यांना टिचकीबाई म्हणत, आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. त्या लिफ्टला भीत, आणि लिफ्ट बंद असली की जिन्याला. फोन वाजला की "कोण गेलं?" असं मनात विचारूनच उचलत. गॅस बंद केल्यावर एकदा बघत, दार लावल्यावर परत आत येऊन एकदा बघत, आणि पोस्टमन दिसला की आपण काय केलं होतं ते आठवायला लागत. त्यांचा नवरा स्वतः मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. अनोळखी दारांत उभं राहण्यात आयुष्य गेल्यामुळे तो कशालाच भीत नसे. तो म्हणे, "हिला भीती वाटत नसली की हिला भीती वाटते."

एवढं असून कामात मात्र त्यांचा हात कधी कापला नाही. काम एकच होतं. भट्टीतून निघालेलं बेसिन समोर आलं की कडेवर मधल्या बोटाची टिचकी मारायची आणि ऐकायचं. इतर तपासनिसांना लाकडी हातोडी दिली होती. यांनी ती पहिल्याच आठवड्यात खणात ठेवून दिली, कारण ती जोरात लागेल अशी भीती. बेसिन खणखणीत वाजलं तर पुढे. बद्द वाजलं तर आत तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. बद्द मालावर लाल खडूने फुली मारायची आणि तो तपासनिसाने स्वतःच्या हाताने फोडायचा, असा नियम. नाहीतर कुणीतरी तो गुपचूप घरी नेऊन बसवणार, आणि एक दिवस तोंड धुताना तो पायावर येणार. टिचकीबाई डोळे मिटून फोडत. पण फोडत.

निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी घरातल्या कपबश्यांना टिचक्या मारण्यात काढले. तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, कुठेतरी जात जा. एकतीस वर्षं मातीच्या चुका काढल्यास, आता मातीला तुझ्या काढू देत." म्हणून त्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भरणाऱ्या मातीकामाच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथे त्यांनी अडीच वर्षं वाट्या केल्या. सगळ्या वाट्या सारख्या, सगळ्या खणखणीत. वर्गाचे मास्तर तरुण होते, त्यांना 'अभिव्यक्ती' हा शब्द आवडे. ते टिचकीबाईंच्या वाट्या हातात घेत, फिरवून बघत आणि म्हणत, "तांत्रिकदृष्ट्या छान आहेत." मग दुसऱ्या टेबलाकडे जात.

गेल्या वर्षी दोन गल्ल्या पलीकडच्या कलादालनात थोरल्या बाईंच्या फुलदाण्यांचं प्रदर्शन तीन महिन्यांसाठी आलं. थोरल्या बाई म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गावोगाव ज्यांचं नाव आहे अशा कलाकार. मास्तर त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत. पहिल्याच आठवड्यात मास्तर अख्खा वर्ग घेऊन तिथे गेले. तीन खोल्या, चौदा फुलदाण्या, प्रत्येकीपुढे नंबर. काचेची पेटी नाही, नुसता चौथरा आणि दोरी. थोरल्या बाईंचा तसा हट्ट होता. दोरीला पाटी होती: हात लावू नये.

फुलदाण्या म्हणायचं, कारण वर तोंड आणि खाली बूड होतं. एरवी त्या माणसं वाटत होत्या. एकीने खांदे आवळले होते. एकीचं पोट हसून हसून दुखल्यासारखं वळलं होतं. नऊ नंबरची उंच, राखाडी. तिची मान ओल्या मातीतच अर्धा पीळ देऊन मागे वळवलेली, आणि तोंड किंचित उघडं. कुणीतरी मागून नावाने हाक मारली आहे आणि ही वळते आहे, अशी.

टिचकीबाई तिच्यासमोर थांबल्या. हे ध्यान त्यांच्या ओळखीचं होतं. मागून हाक आली की आपण असेच वळतो, हे त्यांना दुकानांच्या काचांत अनेकदा दिसलं होतं. वर्ग पुढच्या खोलीत गेला. दालनाचा राखणदार, उशी घातलेल्या खुर्चीवर बसणारा एक किडकिडीत माणूस, त्याच वेळी खिडकी लावायला उठला. आणि टिचकीबाईंचा हात दोरीवरून पुढे गेला. त्यांनी पाठवला नव्हता. एकतीस वर्षं जे बोट भट्टीतून निघालेल्या प्रत्येक वस्तूला हेच करत आलं, त्याने नऊ नंबरलाही टिचकी मारली.

बद्द.

राखणदार वळला तेव्हा त्यांचे दोन्ही हात पर्सवर होते.

बसमध्ये त्या उजव्या हातावर बसून आल्या. घरी नणंदेने विचारलं. ती कायमची त्यांच्याकडेच राहते आणि तिला सगळं दिसतं. "वहिनी, हात का लपवताय? भाजला की काय?"

"अवघडलाय."

"फुलदाण्या बघून?"

टिचकीबाईंना नीट माहीत होतं की धडधाकट वस्तू टिचकीने तडकत नाही. लाखभर बेसिनं त्यांनी वाजवली होती. एकही त्यांच्या नखाने गेलं नव्हतं. पण माहीत असणं आणि भिणं ही दोन बिऱ्हाडं त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून वेगळी होती आणि मधलं दार कधी उघडलेलं नव्हतं. बेसिन बोटभर जाड असतं. नऊ नंबरची मान पुठ्ठ्याएवढी. कुणी सांगावं? त्या दिवसापासून दारावरची बेल वाजली की त्या स्वयंपाकघरातून "ते नाहीत घरी" असं सांगत, वास्तविक 'ते' दारातच उभे असत.

पुढच्या मंगळवारी मास्तरांनी काम दिलं. "प्रत्येकाने एक फुलदाणी निवडायची, तिच्याशी संवाद साधायचा, आणि मग स्वतःची फुलदाणी करायची. नक्कल नको. प्रेरणा."

टिचकीबाईंचा संवाद झालेला होता. त्यांनी एक प्रश्न विचारला होता, फुलदाणीने एका शब्दात उत्तर दिलं होतं. प्रेरणा त्यांना नको होती, त्यांना पुरावा हवा होता. हुबेहूब नऊ नंबरसारखी फुलदाणी करायची, तेवढ्याच जाडीची, तशीच पिळलेल्या मानेची, भाजायची, आणि टिचकी मारायची. तडकली तर आपण गुन्हेगार. नाही तडकली तर सुटलो. तपासनिसाला याहून सरळ रस्ता सुचत नाही.

पहिली फुलदाणी सरळ मानेची झाली, कारण मान पिळायची हिंमत झाली नाही. ती घरी आणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर तिला शंभर टिचक्या मारल्या.

"वहिनी, दार वाजतंय का?" आतून नणंद.

"नाही. मी आहे."

"मग या की आत, वाजवताय कशाला?"

शंभर टिचक्यांनी काही झालं नाही. अर्धा तास बरं वाटलं. मग लक्षात आलं की सरळ मानेचा पुरावा पिळलेल्या मानेला चालत नाही.

दुसरी जाड झाली. तिसरी इतकी पातळ की चाकावरच मांडी घालून बसली. जाडीचा अंदाज घ्यायला त्या परत दालनात गेल्या आणि नऊ नंबरपुढे उभ्या राहिल्या, या वेळी हात पाठीमागे बांधून. मग आणखी एकदा. आणखी एकदा.

"बाई, तुम्ही पाचव्यांदा आलात," राखणदार म्हणाला.

त्या नऊ नंबरपासून एक पाऊल मागे सरकल्या. "मोजता तुम्ही?"

"दिवसाला अकरा माणसं येतात. मोजू नको तर काय करू? आणि दर वेळी नऊ नंबर. कुणाची आठवण येते का?"

"नाही. म्हणजे हो."

"मला माझ्या मेहुण्याची येते. चौदा नंबर बघून. तोही असाच उभा असतो, काम सांगितलं की." राखणदाराने खुर्चीवरची उशी उलटी केली. "प्रदर्शन संपलं की मी आणि तो, आम्ही दोघंच यांना पेट्यांत भरणार आहोत. पुढच्या गावी जायच्यात. साहेब म्हणतात, जपून. जपून म्हणजे काय हो? मान धरायची आणि उचलायची, बाटलीसारखी."

टिचकीबाई त्या दिवशी नेहमीच्या बसने न येता चालत आल्या.

चौथीपासून एक गोष्ट घडू लागली, आणि ती त्यांनी केलेली नव्हती. चाकावर बसल्या की त्यांचे कान दाराकडे असत. जिन्यावर पाऊल वाजलं की आता कुणीतरी वर येऊन आपलं नाव घेणार असं वाटे, आणि त्या क्षणी हातात जी मान असेल तिच्यात तो झटका उतरे. अंगठ्याचे ठसे खोल जात. ओठ जरासा उघडा पडे आणि तो परत मिटवायचा धीर होत नसे. मास्तर चौथीपुढे उभे राहिले. तिला उचलून फिरवली नाही. 'तांत्रिकदृष्ट्या' म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "टिचकीबाई, हे कुठून आलं?"

"प्रेरणा," त्या म्हणाल्या.

घरी चौथी आणि पाचवी कपाटावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. नवरा म्हणाला, "हिला कुणीतरी मागून हाक मारलीय, आणि दुसरी म्हणतेय मी नव्हते."

नणंद म्हणाली, "यात फुलं कुठे घालायची? हिला फुलं दिली तर ही विचारेल, कशाबद्दल? आणि वहिनी, हिचं तोंड आधी भिंतीकडे करा. हिच्याकडे बघितलं की मला वाटतं मीच काहीतरी केलंय."

टिचकीबाईंनी तोंडं भिंतीकडे केली. मग त्या पाठमोऱ्या जास्तच वाईट दिसू लागल्या.

या दोघीही टिचक्यांना पुरून उरल्या. पण त्यांचा पीळ नऊ नंबरएवढा नव्हता, पाव पीळ होता. सहावीला त्यांनी पुरा अर्धा दिला. ती भाजली तेव्हा त्या भट्टीजवळ स्टूल घेऊन बसल्या, कारण भट्टी बंद झाल्यावर खरंच बंद झाली का याची त्यांना शंका असे. शुक्रवारची दुपार होती. वर्गातले बाकीचे खाली चहा प्यायला गेले होते. भट्टी निवत होती, अजून कुणी तिला हात लावलेला नव्हता, आणि आतून आवाज आला: टक्. अगदी बारीक, कुणी सुपारी फोडावी असा.

मंगळवारी भट्टी उघडली. सहावी अंगाने अखंड, ग्लेझ गुळगुळीत, भिंगातूनही रेघ दिसेना. त्यांनी टिचकी मारली.

बद्द.

म्हणजे तडा भट्टीतच गेला होता. एवढा पीळ दिलेली मान निवताना आतल्या आत चिरते. नऊ नंबर जन्मापासून चिरलेली होती. तिला कुणीही काही केलं नव्हतं. टिचकीबाई सुटल्या. त्यांनी सवयीने मास्तरांच्या खणातून हातोडी काढली, सहावी समोर ठेवली, आणि डोळे मिटले. मग उघडले. सहावी त्यांच्याकडे वळून बघत होती. तोंड किंचित उघडं, काहीतरी विचारणार तेवढ्यात थांबलेलं. सगळ्या सहांत हीच खरी उतरली होती. हातोडी खणात परत गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बद्द माल फोडला नाही. हीही एक भीती त्या दिवशी घरी घेऊन गेल्या.

पण सुटका रस्ता ओलांडेपर्यंतच टिकली. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवता ठेवता त्यांना राखणदाराचा हात दिसला, बाटलीसारखी मान धरलेला. चिरलेली मान धरून उचलली तर ती हातात येणार आणि बाकीची फुलदाणी खाली राहणार. थोरल्या बाईंची फुलदाणी राखणदाराच्या हातून फुटली असं लिहिलं जाणार. तो सांगणार, मी काही नाही केलं. आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ते खोटं आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत असणार, आणि ते माणूस घरात कपाटावरच्या फुलदाण्यांची तोंडं भिंतीकडे करून बसलेलं असणार.

सांगायचं, तर आपण टिचकी मारली हे सांगावं लागणार. शिवाय एवढ्या मोठ्या बाईंना तोंडावर सांगायचं की तुमचा माल सदोष आहे. टिचकीबाईंनी चार दिवस विचार केला आणि निनावी पत्र लिहिलं. ते नवऱ्याला डाळीच्या डब्याखाली सापडलं.

"'नऊ नंबर आतून फुटली आहे. मानेला धरू नये. एक हितचिंतक.'" त्याने ते दोनदा वाचलं. "अगं, हे पत्र मिळालं तर पोलीस येतील. हे कुणाला पळवल्यावर लिहितात तसं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खिडकी लावायला उठलेल्या राखणदारापासून भट्टीतल्या 'टक्'पर्यंत. नवऱ्याने मध्ये एकही विनोद केला नाही, यावरून त्यांना आपली अवस्था कळली.

"भरणार कधी आहेत?" त्याने विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"आणि तुमच्या वर्गाचं ते प्रदर्शन?"

"गुरुवारी. थोरल्या बाई येणार आहेत बघायला. मास्तरांनी गळ घातलीय."

"मग गुरुवारी सांग."

"मला नाही जमायचं."

"तुला लिफ्टमध्ये चढणंही जमत नाही," तो म्हणाला, "पण लेकीच्या बाळंतपणाला सातव्या मजल्यावर गेलीसच ना?"

"जिन्याने गेले."

"तेच म्हणतोय मी. जिन्याने जा, पण जा."

गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये टेबलांवर पांढरे कागद घालून वर्गाच्या वस्तू मांडल्या होत्या. टिचकीबाईंचं टेबल खिडकीपाशी होतं. तिसरी चाकावरच बसल्यामुळे तिच्या जागी मास्तरांनी एक जुनी वाटी ठेवली होती, आणि पुढे कार्डावर लिहिलं होतं: 'वळून पाहताना. थोरल्या बाईंच्या कामापासून प्रेरित.' टिचकीबाईंना ते कबुलीजबाबासारखं वाटलं. एकाच घराचा नकाशा पाच वेळा काढलेला चोर जसा सापडावा, तशा त्या टेबलामागे उभ्या होत्या.

थोरल्या बाई आल्या. बुटक्या, काठी घेतलेल्या, दोन्ही कानांत यंत्रं. सगळ्या टेबलांवरून त्या भराभर पुढे सरकल्या, प्रत्येकाला "छान" म्हणत. खिडकीपाशी थांबल्या. पाचही फुलदाण्या एकेक करून बघितल्या. नवरा आणि नणंद भिंतीला टेकून उभे होते.

"ही माझी नऊ नंबर," थोरल्या बाई म्हणाल्या. "पाच वेळा?"

"बाईंनी तुमच्या कामाशी एक दीर्घ संवाद..." मास्तर सुरू झाले.

"तू थांब रे. पोरी, तू सांग."

पोरीचं वय आतापावेतो एकसष्ट होतं. "मी तिला टिचकी मारली," त्या म्हणाल्या.

"काय? मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"टिचकी मारली."

"काय मारली?"

"टिचकी," टिचकीबाई ओरडल्या. आयुष्यात त्या इतक्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. सगळा हॉल वळून बघू लागला, टेबलावरच्या फुलदाण्यांसारखाच. "तुमच्या नऊ नंबरला. पहिल्या आठवड्यात. ती बद्द वाजते. आत तडा आहे मानेत. उद्या ते तिला मानेला धरून उचलणार आहेत."

थोरल्या बाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाजलेलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं झाली. बारीक आवाज गेले सगळे. चल दाखव. मास्तर, हिची ती शेवटची घे बरोबर. नीट धर."

अशी वरात निघाली. पुढे थोरल्या बाई, टिचकीबाईंच्या दंडाला धरून. मागे सहावीला छातीशी धरलेले मास्तर. त्यामागे नवरा, नणंद. दोन गल्ल्या चालायला वीस मिनिटं लागली. दालनात राखणदार खुर्चीवरून उठला. थोरल्या बाई दोरीखालून वाकून आत शिरायला लागल्या तसा तो म्हणाला, "बाई, हात लावू नये..."

"आधी मीच लावलाय," थोरल्या बाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं ते राखणदार आजही सांगतो. त्यांनी दोन्ही हातांनी नऊ नंबरचं बूड धरलं, वाकल्या, आणि फुलदाणीच्या काठावर आपले पुढचे दात टेकवले. ते दात त्यांचे स्वतःचे होते. "मार," त्या दातांमधून म्हणाल्या.

टिचकीबाईंनी मारली.

"परत."

परत.

"आता दहा नंबरला." तिथेही दात. टिचकी. थोरल्या बाईंच्या भुवया वर गेल्या. दहा नंबर त्यांच्या जबड्यात घुमली असावी. त्या परत नऊकडे आल्या. "परत एकदा."

बद्द.

"हं," त्या सरळ होत म्हणाल्या. "ही मेलेली आहे. कधीपासून?"

राखणदाराने आपली खुर्ची पुढे केली, उशीसकट. खुर्चीवर बसून, मांडीवरच्या पर्सकडे बघत टिचकीबाईंनी सांगितलं: अर्धा पीळ, निवणारी भट्टी, टक्. "पण मी टिचकी मारलीच," शेवटी त्या म्हणाल्या. "मारायला नको होती. माझ्यामुळे वाढला असेल तडा, तर मला माहीत नाही."

"टिचकीने फुटणारी असती तर फुटायलाच हवी होती," थोरल्या बाई म्हणाल्या. "त्या वर्षी भट्टी मी लवकर उघडली होती. घाई होती मला. कशाची ते आता आठवतही नाही." त्यांनी मास्तरांच्या हातातल्या सहावीच्या काठाला दात लावले आणि बोटाने खूण केली. टिचकीबाईंनी उठून मारली. "हीपण. मग फोडली का नाहीस?"

"हात झाला नाही."

"कारखान्यात व्हायचा?"

"तिथे बेसिनांना तोंड नव्हतं."

सहावीला थोरल्या बाईंनी नऊ नंबरच्या मागे, एक हात अंतरावर ठेवायला सांगितलं, मग आणखी थोडं डावीकडे. ठेवल्यावर सगळ्यांना दिसलं की नऊ नंबर तिच्याकडेच वळून बघते आहे.

"सव्वीस वर्षं लोक मला विचारतात, हिला हाक कुणी मारली," त्या म्हणाल्या. "ही जाऊ दे तिच्याबरोबर. देतेस?"

"पण ती सदोष आहे," टिचकीबाई म्हणाल्या. घाबरून.

"मग तू तपासलीयस असं लिही."

राखणदाराने पेट्या भरण्याचं रजिस्टर काढलं. "उद्या मी हिला मानेलाच धरणार होतो," तो स्वतःशीच म्हणाला. मग पेन घेतलं. "नऊ नंबर. स्थिती. काय लिहू?"

"बद्द," टिचकीबाई म्हणाल्या.

"त्याला ऑफिसचा शब्द काय?"

मास्तरांनी दोन शब्द सुचवले. ते कुणाला पटले नाहीत. बद्दच लिहिलं गेलं, दोनदा, वर नऊ नंबरपुढे आणि खाली सहावीपुढे, आणि शेवटी: 'बुडाला धरून उचलावे.' तपासणाऱ्याच्या रकान्यात टिचकीबाईंनी सही केली. हात इतका कापला की सही त्यांच्याच बँकेने नाकारली असती.

घरी जाताना नणंद म्हणाली, "वहिनी, त्या हॉलमधून परत आणल्या की आता तरी कपाटावर त्यांची तोंडं इकडे करा." त्या म्हणाल्या, उद्या बघू. दार लावल्यावर परत आत येऊन त्यांनी गॅस बघितला.

प्रमाणपत्र अजून बोळात मीटरशेजारी आहे. शुक्रवारी सकाळी साडेदहाला सहावी फुलदाणी पेटीत भरून पुढच्या गावी गेली. ती बद्द वाजते.